कंपवात, मेंदूंतील काळ्या पेशी आणि आपली फवारणी

आपल्या खेड्यापाड्यांतून असा एक समज रूढ आहे कीं, म्हातारपणीं हात कापूं लागणें हें केस पिकण्यासारखेंच होय. घरांतील वडील माणसाचा हात थरथरूं लागला, पाऊल आंखडलें, बोलणें मंदावलें, कीं "वय झालें" एवढ्या दोन शब्दांत आपण त्या प्रकरणाचा निकाल लावतों आणि दप्तर बांधून ठेवतों. हा निकाल चुकीचा आहे. तो कां चुकीचा आहे, आणि आपण शेतांत जी औषधें फवारतों त्यांचा ह्या प्रकरणाशीं काय संबंध पोंचतो, हें शेतकरी बंधूंपुढें मांडण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. महसूल खात्यांत तेहेतीस वर्षें कारकुनी करून तो नुकताच निवृत्त झाला. शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि तेंही फार नव्हे. परंतु घरांत दुखणें आल्यावर डॉक्टरांस प्रश्न विचारून, आणि त्यांनीं जें वाचावयास सांगितलें तें सावकाश वाचून, जें समजलें तें येथें दिलें आहे.

सह्या पारखणें हें आमच्या खात्यांतील नित्याचें काम. माझे थोरले बंधू आमची सामाईक शेती पाहतात, त्यामुळें सोसायटीचे कर्जरोखे, शेतसाऱ्याच्या पावत्या, अर्ज, जबाब असे त्यांच्या सहीचे कागद वर्षानुवर्षें माझ्या हाताखालून जात. त्यांची सही मोठी ऐसपैस. पांचसहा वर्षांपूर्वीं ती लहान होऊं लागली. पहिलें अक्षर नेहमींसारखें, पुढचीं बारीक होत होत शेवटचें अगदीं मुंगीएवढें. हें मीं पाहिलें. "दादा, सही इतकी आखडती कां घेतां?" असें एकदां विचारलेंही. ते म्हणाले, "अरे, तुम्ही सरकारी लोक कागदावर जागाच किती ठेवतां!" आम्ही दोघेही हंसलों आणि तो विषय तेथेंच राहिला.

त्यानंतर दोन वर्षें गेलीं. उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेविला असतां अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्याप्रमाणें हलूं लागलीं. हातांत तांब्या घेतला कीं कंप थांबे, म्हणून कोणी मनावर घेतलें नाहीं. चालतांना उजवा हात हलेनासा झाला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांना फोडणी करपली तरी वास येत नाहीं, आणि हें आजचें नाहीं, किती वर्षांचें आहे." एका डॉक्टरांनीं वयाचें कारण सांगून शक्तीचीं औषधें दिलीं. शेवटीं मोठ्या शहरांतील मेंदूविकाराच्या तज्ज्ञांनीं पाहतांक्षणींच सांगितलें कीं हा पार्किन्सनचा रोग, ज्यास आपल्याकडे कंपवात म्हणतात. त्यांनीं जुन्या सह्या मागविल्या. मीं त्या सालवार लावून दिल्या. त्यांवरून बोट फिरवीत ते म्हणाले, "रोग येथूनच बोलत होता." खोटी सही ओळखणें हा ज्याचा व्यवसाय, त्यास सख्ख्या भावाच्या खऱ्या सहींतला रोग ओळखतां आला नाहीं. ही रुखरुख मला आहे, आणि दुसऱ्या कोणा घरीं ती राहूं नये एवढाच ह्या लिहिण्याचा हेतु आहे.

ह्या रोगाचें पहिलें नीट वर्णन लंडन शहरांतील जेम्स पार्किन्सन ह्या वैद्यानें १८१७ सालीं केलें. सहा माणसांच्या हकीकतींवरून त्यानें तो छोटा प्रबंध लिहिला. रोगाचें स्थान कोठें आहे हें मात्र शंभर वर्षें कळलें नाहीं. १९१९ सालीं ट्रेटियाकॉफ नांवाच्या डॉक्टरानें पॅरिस येथें मृत रोग्यांचे मेंदू तपासून दाखविलें कीं, मेंदूच्या मध्यभागीं खालच्या अंगास जो काळसर पट्टा असतो, तो ह्या रोग्यांत फिका पडलेला असतो. ह्या पट्ट्यास शास्त्रांत लॅटिन नांव आहे, त्याचा अर्थ "काळें द्रव्य" असा होतो. त्यांतील काळ्या पेशी मेल्या म्हणजे पट्टा फिका पडतो.

ह्या पेशी डोपामीन नांवाचें रसायन तयार करून मेंदूच्या वरच्या भागास पोंचवितात. हालचाल कोणत्या वेळीं सुरू करावी, किती जोरानें करावी, कोठें आवरावी, ह्याचा मेळ त्या रसायनावांचून बसत नाहीं. ह्या शोधाला आपल्या देशाचाही थोडा हातभार लागला आहे. आपल्या सर्पगंधेच्या मुळांतून रेसर्पीन नांवाचें औषध निघतें. तें टोंचल्यावर ससे हालचाल सोडून मुटकुळें करून पडतात. स्वीडनमधील आर्विद कार्लसन ह्यांनीं १९५७ सालीं अशा सशांस लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामीन बनवितें तो पदार्थ, टोंचला आणि ससे उठून चालूं लागले. १९६० सालीं व्हिएन्ना येथें एहरिंगर आणि हॉर्निकीविच ह्यांनीं मृत रोग्यांच्या मेंदूंत डोपामीन फारच कमी असल्याचें मोजून दाखविलें. कार्लसन ह्यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. माणसाच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. ह्या काळ्या पेशी त्यांपैकीं अवघ्या कांहीं लाख, दोन्ही बाजू मिळून पांच लाखांच्या आसपास. मग इतक्या अफाट शिवारांत नेमक्या ह्याच पट्टींतलें पीक कां जळावें? शास्त्रज्ञांनीं ह्याचीं जीं उत्तरें दिलीं आहेत तीं वाचतांना मला पदोपदीं आमच्या खात्यांतील तलाठ्याची आठवण झाली.

एका तलाठ्याकडे दोन गांवांचा सजा असला आणि दुसऱ्याकडे वीस गांवांचा, तर पहिला आजारी पडला तरी काम निभतें. दुसरा मात्र निरोगी असतांनाच मेटाकुटीस आलेला असतो. काळ्या पेशींची स्थिति ह्या दुसऱ्या तलाठ्यासारखी आहे. सामान्य मज्जापेशी कांहीं हजार ठिकाणीं इतर पेशींशीं जोडलेली असते. उंदराच्या एका काळ्या पेशीचे असे जोड एक लाखापासून अडीच लाखांपर्यंत असतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनीं केला आहे, आणि माणसाच्या एका पेशीचे दहा लाखांहून अधिक असावेत असा अंदाज आहे. तिच्या तंतूच्या साऱ्या फांद्या एकापुढें एक मांडल्या तर लांबी चार मीटरांच्या वर भरेल. शिवाय हा तंतु फार बारीक, आणि संदेश स्वस्तांत नेणारें जें आवरण इतर कित्येक तंतूंस असतें तें त्यास जवळजवळ नसतें. एवढ्या विस्तारास माल पुरविणें आणि डागडुजी करणें हें सारें काम डोळ्यांस न दिसणाऱ्या एका पेशीवर पडतें.

दुसरें कारण असें कीं, ह्या पेशीला विसांवा नाहीं. पुष्कळशा पेशी संदेश आला म्हणजे काम करतात. ही मात्र कोणाची वाट न पाहतां सेकंदास दोनचार वेळां, रात्रंदिवस, जन्मभर ठोके देत राहते. त्या प्रत्येक ठोक्याबरोबर कॅल्शियम तिच्यांत शिरतें, आणि तें बाहेर न काढल्यास पेशीस घातक होतें. विहीर खणतांना पाझराचें पाणी सारखें येत राहतें आणि तें उपसण्यास इंजिन क्षणभरही बंद ठेवतां येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. येथें इंजिनाचें काम पेशींतील ऊर्जाघरें करतात, ज्यांस शास्त्रांत मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. इंजिन जितकें चालेल तितका धूर अधिक. ऊर्जाघरांतूनही प्राणवायूचे दाहक अंश बाहेर पडतात आणि आंतल्याआंत पेशीची झीज करतात.

तिसरें कारण म्हणजे ती जो माल बनविते तोच ज्वालाग्राही आहे. डोपामीन आपल्या कोठींत बंद असेपर्यंत निरुपद्रवी असतें. कोठीबाहेर सांडलें तर हवेंतील प्राणवायूनें चिरलेलें वांगें जसें काळें पडतें, तसा कांहींसा विकार त्याला होतो, आणि त्यांतून उत्पन्न होणारे पदार्थ पेशीच्या घडणीस चिकटून ती बिघडवितात. त्या पेशींचा काळा रंग हा अशाच विकारांतून सांठत गेलेल्या द्रव्याचा आहे. तेथें लोहाचाही सांठा बराच असतो, आणि लोह ह्या दाहास भर घालतें.

चौथें कारण केरकचऱ्याचें. प्रत्येक पेशींत आल्फा-सिन्युक्लीन नांवाचें एक प्रथिन असतें. तें वेडेंवांकडें वळून त्याचे गोळे बनले म्हणजे पेशीला ते मोडतां येत नाहींत. १९९७ सालीं इटालियन वंशाच्या एका कुटुंबांत ह्या प्रथिनाच्या जनुकांतील दोषामुळें रोग वंशपरंपरा चालल्याचें सिद्ध झालें, आणि त्याच सालीं रोग्यांच्या पेशींतील गोळे ह्याच प्रथिनाचे असल्याचें दिसून आलें. पुढें पार्किन आणि पिंक-१ अशीं आणखी दोन जनुकें सांपडलीं. निकामी झालेलें ऊर्जाघर ओळखून मोडीत काढणें हें त्यांचें काम. त्यांत दोष असणाऱ्यांस हा रोग तरुणपणींच होतो. जेथें सफाई थांबते तेथें ह्या पेशी आधीं मरतात, असा ह्याचा अर्थ.

केवळ डोपामीन बनविणें हेंच मरणाचें कारण असतें तर काळ्या पट्ट्याशेजारच्या डोपामीन-पेशीही तितक्याच मेल्या असत्या. तसें होत नाहीं. त्या शेजारणींचा पसारा लहान असतो, त्यांच्यांत कॅल्शियम कमी शिरतें आणि त्यास धरून ठेवणारें एक प्रथिन त्यांच्याजवळ अधिक असतें. त्या पुष्कळ अंशीं वांचतात. उलट, डोपामीन न बनविणाऱ्या पण असाच मोठा पसारा आणि असाच अखंड ठोका असणाऱ्या कांहीं दुसऱ्या पेशीही ह्या रोगांत मरतात. तात्पर्य, कोणा एका कारणानें ही पेशी मरत नाहीं. तिच्यावर कामाचा बोजा फार असतो आणि गांठीं शिल्लक कांहीं नसते. ज्याच्या खात्यांत शिल्लक नाहीं तो एका वाईट सालांत बुडतो. शिल्लक असणारा तेंच साल सहज निभावून नेतो.

हें वाईट साल बाहेरूनही येऊं शकतें, असें दाखविणारी एक घटना १९८२ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत घडली. कांहीं व्यसनी तरुणांनीं चोरून बनविलेलें एक बनावट मादक द्रव्य टोंचून घेतलें आणि थोड्याच दिवसांत ते लांकडासारखे ताठले. वीसपंचवीस-चाळिशींतल्या त्या माणसांस म्हाताऱ्याच्या कंपवाताचीं सारीं लक्षणें होतीं. विल्यम लँगस्टन ह्या डॉक्टरांनीं शोध करून एमपीटीपी नांवाचें विष त्या द्रव्यांत मिसळलेलें असल्याचें काढलें. हें विष मेंदूंत गेल्यावर थोडें बदलतें आणि डोपामीनचें सोंग घेतें. काळी पेशी आपलें सांडलेलें डोपामीन परत आंत ओढून घेत असते, त्याच दारानें ती ह्या चोराला आंत घेते. तो आंत शिरून ऊर्जाघराची पहिलीच पायरी बंद पाडतो.

ह्या बदललेल्या विषाची घडण पॅराक्वाट नांवाच्या तणनाशकाशीं मिळतीजुळती आहे, हें पाहून शास्त्रज्ञ सावध झाले. पॅराक्वाटचें काम जरा निराळ्या रीतीनें चालतें. तें प्राणवायूचे दाहक अंश मोठ्या प्रमाणांत उत्पन्न करतें, त्यानेंच तण जळतें. दुसरें औषध रोटेनोन. हें डेरिस नांवाच्या वेलीच्या मुळांतून निघतें आणि किडे व मासे मारण्यासाठीं वापरीत आले आहेत. २००० सालीं अमेरिकेंतील ग्रीनअमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें अल्प प्रमाणांत कांहीं आठवडे उंदरांच्या शरीरांत सोडीत ठेवलें. रोटेनोन मेंदूच्या सर्वच पेशींत सारखें शिरतें आणि सर्वांचींच ऊर्जाघरें मंदावतें. असें असूनही ज्या मेल्या त्या मुख्यतः काळ्या पेशीच. माझ्या मतें साऱ्या प्रकरणांतला महत्त्वाचा पुरावा हाच आहे. विष सर्वांस सारखें वांटलें गेलें, परंतु ज्यांच्या गांठीं शिल्लक नव्हती त्या बुडाल्या.

हें झालें उंदरांचें. माणसांविषयीं पाहूं. अमेरिकेंतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना ह्या प्रांतांतील शेतकऱ्यांची मोठी पाहणी झाली. तिच्या आधारें २०११ सालीं टॅनर आणि सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्या माणसांत ह्या रोगाचें प्रमाण न वापरणाऱ्यांच्या सुमारें अडीच पट दिसलें. पुढच्या सर्वच पाहण्यांत संबंध इतकाच ठळक दिसला असें नाहीं. त्याच शेतकऱ्यांविषयीं २०१५ सालीं जें प्रसिद्ध झालें तें मात्र प्रत्येकानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हातमोजे न घालणाऱ्यांत पॅराक्वाट आणि रोग ह्यांचा संबंध दिसला. हातमोजे घालणाऱ्यांत तो दिसला नाहीं.

युरोपीय संघांत पॅराक्वाटची परवानगी २००७ सालीं रद्द झाली. फ्रान्सच्या सरकारनें २०१२ सालीं कीटकनाशकें हाताळणाऱ्या शेतकऱ्याचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य रोग मानला आणि त्याबद्दल भरपाईची सोय केली. आपल्याकडे काय आहे? २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतां करतां शेंकडों माणसांस विषबाधा झाली आणि वीसाच्या वर दगावलीं. तेव्हां देशभर हलकल्लोळ झाला, कारण तीं मरणें एका हंगामांत आणि डोळ्यांदेखत झालीं. जें नुकसान वीस-तीस वर्षांनीं एखाद्याच्या सहींत उमटतें, त्याचा हलकल्लोळ होत नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, "आम्ही तीस वर्षें उघड्या हातानें औषध कालवीत आलों, आम्हांस कांहीं झालें नाहीं." हें म्हणणें खरेंच आहे. फवारणारांपैकीं बहुतेकांस हा रोग होत नाहीं, आणि जन्मांत पंपाला हात न लावलेल्या शहरवासीयांसही तो होतो. वय हें त्याचें सर्वांत मोठें कारण, आणि कांहींच्या बाबतींत वंशाचा भाग असतो. माझ्या बंधूंचा रोग फवारणीनेंच झाला असें मी म्हणत नाहीं, आणि एका माणसावरून तसें कोणासही म्हणतां येणार नाहीं. परंतु पंचवीस वर्षें त्यांचा पाठीवरचा पंप गळत असे, सदरा पाठीला चिकटे, आणि नोझल तुंबला कीं ते तो तोंडानें फुंकीत. हें मीं बांधावर उभें राहून पाहिलें आहे आणि "दादा, असें करूं नका" हे शब्द माझ्या तोंडून कधीं निघाले नाहींत. आपल्या खात्यांत शिल्लक किती हें आधीं कोणासच दिसत नाहीं. रोगाचीं लक्षणें दिसूं लागतात तेव्हां जवळजवळ निम्म्या काळ्या पेशी संपलेल्या असतात. ज्या खात्याचा उतारा इतक्या उशिरां मिळतो त्यावर शहाण्या माणसानें आपण होऊन आणखी बोजा चढवूं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खुरपणीस मजूर मिळत नाहीं, मिळाला तर मजुरी परवडत नाहीं. मग तणनाशक सोडून शेतकऱ्यानें काय करावें? मी घरचाच शेतकरी असल्यानें ही अडचण जाणतों, आणि साऱ्या औषधांवर बहिष्कार घाला असें सांगत नाहीं. परंतु जेथें कोळपें चालतें तेथें कोळपें चालवावें, जेथें पाचटाचें आच्छादन तण दाबतें तेथें पाचट पेटवूं नये, आणि जेथें औषधाला दुसरी वाट आहे तेथें पॅराक्वाट घेऊं नये. ह्या औषधास उतारा नाहीं, घोटभर पोटांत गेल्यास फुप्फुसें कामांतून जाऊन माणूस मरतो. एवढ्या एका कारणासाठींही तें घरांत ठेवूं नये.

जें औषध वापरणें भागच आहे तें वापरतांना रबरी हातमोजे अवश्य घालावे. कापडी मोजे औषध शोषून तें कातडीलाच लावून ठेवतात, ते निरुपयोगी. औषध हातानें न कालवतां काठीनें ढवळावें. गळका पंप दुरुस्त केल्यावांचून पाठीवर घेऊं नये. नोझल तोंडानें फुंकूं नये. वाऱ्याच्या तोंडावर फवारूं नये, आणि सायंकाळीं अंघोळ होईपर्यंत घरांतल्या मुलांस जवळ घेऊं नये. भिजलेले कपडे वेगळे धुवावे. जो मजूर आपल्याकडे फवारतो त्यालाही हें सर्व पुरवावें. त्याच्या मेंदूंतील पेशी आपल्याहून निराळ्या घडणीच्या नाहींत.

आतां कारकून ह्या नात्यानें एक सूचना करतों. प्रत्येक शेतकऱ्यानें फवारणीची एक वही ठेवावी. तारीख, शेताचा गट क्रमांक, औषधाचें पुरें नांव, प्रमाण, आणि फवारणाऱ्याचें नांव, एवढे पांच रकाने पुरेत. डॉक्टरांनीं बंधूंना विचारलें, "कोणकोणतीं औषधें वापरलीं?" ते म्हणाले, "पांढऱ्या डब्यांतलें, हिरव्या झांकणाचें." ज्यांच्या नांवावरील प्रत्येक गुंठ्याची नोंद शंभर वर्षांची मिळते, त्यांच्या अंगावरून पंचवीस वर्षें काय वाहिलें ह्याची एक ओळही मिळेना. फ्रान्समधील शेतकऱ्यास भरपाई मिळते ती पुराव्यावर. आपल्याकडे उद्यां असा कायदा झाला तरी पुरावा कोठून आणणार? आपल्या संस्थेनें अशा वह्या छापून सभासदांस द्याव्या आणि औषधाच्या बाटलीबरोबर हातमोज्यांचा जोड विकावा. ह्याला खर्च फार येणार नाहीं.

शेवटीं उपचाराविषयीं दोन शब्द. डोपामीन पोटांतून दिलें तर तें मेंदूंत शिरत नाहीं, म्हणून लेव्होडोपा देतात. १९६७ सालीं कॉटझियास ह्यांनीं तें मोठ्या प्रमाणांत पोटांतून देऊन रोगी उभे करून दाखविले, आणि आजही मुख्य औषध तेंच आहे. त्यानें हालचाल सुधारते, पण पेशींचें मरण थांबत नाहीं. कॅल्शियमचें दार अडविणारें एक औषध त्यासाठीं करून पाहिलें, परंतु २०२० सालीं त्याचा निकाल निराशाजनक आला. रोग थोपविणारें औषध अद्याप नाहीं, म्हणूनच पेशी आहेत तोंवर त्यांस जपणें हें अधिक शहाणपणाचें. आपल्या कुंपणावरच्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा आहे, हें १९३७ सालीं आपल्याच देशांतील दामोदरन आणि रामस्वामी ह्यांनीं दाखविलें. परंतु प्रत्येक बींतील प्रमाण सारखें नसतें, म्हणून तें ऐकून कोणी आपल्या मनानें बिया खाऊं नयेत.

घरांतील वडील माणसाचा वास जाणें, झोपेंत हातपाय झाडणें, जुनाट बद्धकोष्ठ, अक्षर बारीक होणें, चालतांना एकच हात न हलणें, स्वस्थ हाताला कंप, ह्यांपैकीं दोनतीन गोष्टी एकत्र दिसल्या तर "वय झालें" म्हणूं नये. मेंदूविकाराच्या जाणत्या डॉक्टरास दाखवावें, आणि जातांना जुन्या सहीचे कागद बरोबर न्यावे.

माझे बंधू दोन वर्षें औषध घेत आहेत. सकाळची गोळी लागू पडली म्हणजे मळ्याला फेरी घालतात. गेल्या महिन्यांत सोसायटीच्या कागदावर त्यांनीं सही केली. ती पूर्वींएवढी मोठी नव्हती, पण वाचतां येत होती. आमच्या घरीं फवारणीची वही सुरू झाली आहे. तिचें पहिलें पान त्यांनींच आंखून दिलें, आणि पुतण्या हातमोजे विसरला तर पंप खांद्यावर घेऊं देत नाहींत. सभासद बंधूंनीं येत्या हंगामाच्या आधीं आपापल्या घरीं एवढें करावें, आणि संस्थेच्या चालकांनीं वरील सूचनेचा पुढील सभेंत विचार करावा, अशी विनंति आहे.